शिरसपाड्याचा पट

“गाव कशानं ओळखावं? देवळानं नव्हे, पाटलाच्या ओटीनं नव्हे, शाळेच्या पटानं ओळखावं! म्हणून आज झेंड्याखाली उभा राहून सांगतो, शिरसपाड्यातलं एक म्हणून पोर अक्षराविना राहणार नाही. ही सखा भोईराची जबान आहे!”

सन चोपन्नच्या पंधरा ऑगस्टला शाळा कमिटीचा चेअरमन सखा भोईर असं बोलला तेव्हा टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या डासांवर पडल्या होत्या. उरलेल्या निम्म्या थांबायच्या आत त्याची नऊ वर्षांची मुलगी सोनी धाकट्या भावाला कडेवर घेऊन धापा टाकत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बा, पारडू सुटलं, म्हशीचं सगळं दूध प्यालं. आई बोलते, तुमचं झालं असंल तर या.”

सखा जबान तिथेच ठेवून गोठ्याकडे पळाला. त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही की झेंड्यासमोरच्या रांगेत सोनी नव्हती. रांग शाळेतल्या पोरांची होती, आणि सोनी शाळेत नव्हती.

शाळा सखाच्याच पडवीत भरे. एका टोकाला पहिली ते चौथी, दुसऱ्या टोकाला पारडू. मध्ये कूड घालायचं तीन वर्षं चाललं होतं. पारडू तोवर पाढ्यांना सरावलं होतं. सतराच्या पाढ्याला तेवढं ते ओरडायचं, पण तिथे पोरंही अडत, त्यामुळे कोणाचं बिघडत नसे. चेअरमनला स्वतःला अक्षर येत नव्हतं. शेऱ्याच्या वहीत तो अंगठा उठवी आणि चिंतामणी मास्तर त्याखाली सुवाच्य अक्षरात लिही, ‘वरील अंगठा चेअरमनसाहेबांचा’. कागद हातात आला की तो उलटा आहे की सुलटा, हे आपल्या मुलाला, देऊला कोणाला विचारावं लागू नये, एवढी एकच इच्छा सखाला होती. देऊ तिसरीत होता.

पट होता एकतीसचा. गणपती झाले आणि भोईरांच्या भावकीतल्या दोघा भावांना अंबरनाथच्या कारखान्यात काम लागलं. बायकापोरं घेऊन ते बुवापाड्यात खोली करून राहिले. जाताना गावाला नारळ दिला आणि पटावरची सहा पोरं घेऊन गेले. राहिली पंचवीस. त्याच आठवड्यात शाळा बोर्डाचा कागद आला. दिवाळीनंतर तपासणी होईल. पट तिसाखाली असेल तर शाळा वांगणीच्या शाळेत मिळवली जाईल. वांगणी दीड कोस, मध्ये दोन ओहळ. पावसाळ्यात त्यातला एक माणसाला ओढून नेई आणि दुसरा राहिलेल्याला.

सखा आणि चिंतामणी मास्तर पडवीत रजिस्टर उघडून बसले. मास्तर बदलापूरचा, भला माणूस. बायको वृंदा आणि दोन मुली तिकडे, आणि तो रोज गाडीने वांगणीला उतरून चालत येई. शाळा मोडली तर आपली बदली थेट मुरबाडच्या डोंगरात होईल या धास्तीने तो आठ दिवसांत वाळला होता.

“पाच कमी पडतात, सखाभाऊ. पहिलं नाव तुमच्या सोनीचंच घालू.”

सखा दचकला. “सोनीचं? अवो मास्तर, ती शाळंत बसली तर म्हशीमागं कोण? धाकट्याला कोण घेईल? घरची काशी तण काढाया, बेणणीला जाते.”

“नुसतं नाव हो.”

“नुसतं नाव कसं? सक्तीचा कायदा हाय. नाव लागलं नि पोर आलं नाय की बापाला नोटीस. चेअरमनलाच नोटीस आली तर तोंड कुठं लपवू?”

“मग कोणाची घालायची?”

सखाने डोंगराच्या कडेला पाहिलं. तिथे कातकरवाडीची वीसेक खोपटी होती. “तिथं पोरांचा काय तोटा?”

“त्यांच्या बापांना नोटीस गेली तर?”

“त्यांना कुठं वाचता येतंय?” सखा म्हणाला. मास्तर दौतीत बघत राहिला.

मग सखाने सात नावं सांगितली. कातकऱ्यांची सोय अशी, की पोर ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव त्याला बहुधा असायचं, त्यामुळे आठवायला फार त्रास पडला नाही. मंगळ्या, सोम्या, दोन बुधी. “आता माझ्या शेतावर राबतो त्या भीमाची घ्या. बुध्या, शुक्र्या. आन् एक पोरगी हाय. चंद्री.”

“चंद्रीचं वय?”

“आमच्या सोनीएवढं. दोघी एकाच पावसातल्या. भीमाची विठा माझ्या बांधावर बसून पाजायची तिला, मी पायलंय ना.”

जन्मतारीख कोणाचीच ठाऊक नव्हती, म्हणून मास्तरने सगळ्यांना एकच घातली. कातकरवाडीत वर्षातून एकाच दिवशी मुलं जन्मतात, असा त्या रजिस्टरचा दाखला झाला. पट बत्तीस झाला. सखाने अंगठा उठवला आणि लुगड्याच्या जुन्या चिंधीला पुसला.

मास्तर मनापासून काम करणारा होता. सातांना रोज हजर दाखवलं तर दिसायला बरं दिसेना, म्हणून तो मधूनमधून एखाद्याला ताप आणी. सोम्याला एकदा खरूज झाली. सहामाही परीक्षेत अडचण आली. सातांनाही दहापैकी चारच गुण दिले तर वरच्यांना शंका येणार. कोणाला तरी हुशार करणं भाग होतं. मास्तरची लेखणी सातही नावांवरून फिरली आणि चंद्रीपाशी थांबली. पोरीचं नाव त्याला गोड वाटलं. गणित, दहापैकी आठ.

दिवाळी झाली. कापणी उरकून खळ्यावर झोडणी लागली. खळं पडवीच्या समोरच, चार पावलांवर. सखा, त्याची बायको काशी, आणि कामाला भीमा नि विठा. पहाटेचं दव सुकलं की चौघं उभी राहत ती तिन्हीसांजेपर्यंत. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि लाकडी ओंडक्यावर आपटायची. दहा पेंढ्यांनंतर खांदा बोलू लागे, शंभरानंतर गप्प होई. कुसळं मानेत, काखेत, डोळ्यांच्या कडेला शिरत. भीमाच्या उघड्या पाठीवर घामाला कोंडा चिकटून ती वारुळासारखी दिसे. विठा सूप घेऊन वाऱ्याला पाठ देऊन उभी राही, दाणे पायाशी पडत आणि पोकळ पळंज उडून पडवीतल्या पहिलीच्या पोरांच्या पाट्यांवर बसे. दुपारी काशी चौघांची पेज काढी. दोघांची ओटीवर, दोघांची पानावर, खळ्याच्या कडेला. विठा ओंजळ करी आणि काशी वरून पाणी ओती. यात कोणाला काही वाटत नसे. रोजचंच होतं.

मंगळवारी सदू वांगणीहून मीठ घेऊन आला तो बातमी घेऊनच. सदूचं शेत सखाला लागून आणि जीभ सगळ्या गावाला लागून.

“सखा, गुरुवारी दिपोटी येतोय तुझ्या विद्यापीठात. पोरं मोजायला.”

सखाच्या हातातली पेंढी सुटली. मग त्याने ती उचलली आणि उगाच दोनदा आपटली.

“भिमा, गुरुवारी वाडीतली सात पोरं पाठव शाळंत.”

“सात? कशाला, दादा? लाकडं उचलायचीत?”

“बसायला.”

“बसायला?” भीमाने पेंढी खाली ठेवली. आजवर त्याच्या घरच्या कोणालाही कोणी बसायला बोलावलं नव्हतं. “किती वेळ?”

“सायेब जाईस्तोवर. आंघोळ घालून पाठव. बरी कापडं घालून...” बोलता बोलता सखा थांबला. भीमाच्या अंगावर लंगोटी होती. “आंघोळ तरी घाल.”

“घालतो. माझी दोन हायत. बाकीची बघतो इकडनं तिकडनं.”

दोन की तीन, हे सखाच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. त्याला सात हवी होती. विठा सूप पाखडत होती. तिचा हात थोडा अडखळला, पण वाराही पडला होता.

गुरुवारी दिपोटीसाहेब आले ते बूट हातात घेऊन. मागच्या ओहळाने त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली केली होती. बरोबरच्या शिपायाने छत्री धरली होती, नोव्हेंबरात, उन्हासाठी. पडवी सारवलेली, तोरण लावलेलं, पारडू मागच्या झापात हलवलेलं. पोरं बसली होती. कातकरवाडीची सात पोरं सगळ्यांत मागे, जिथे एरवी पारडू असे तिथे, डोक्याला तेल चोपडून, एकमेकांना चिकटून. त्यातला एक तर वाडीत पाहुणा आला होता, नेरळकडचा.

साहेबांनी डोकी मोजली. बत्तीस. रजिस्टर पाहिलं. बत्तीस. सखाला वाटलं, आता आपल्याला कोणीतरी हार घालावा. काशीने आतून गुळाचा चहा पाठवला. साहेबांनी बशीत ओतून घेतला, आणि चहा निवेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून सहामाहीचं गुणपत्रक चाळलं.

“मास्तर, ही कोण? चंद्री भीमा वाघे?”

मास्तरने छातीवरचं पेन चाचपलं.

“कातकरी मुलगी, दहापैकी आठ! अहो, आमच्या सगळ्या तालुक्यात कातकरी मुलगी दुसरीच्या वर्गात टिकलेली मी पाहिली नाही. हिचं नाव मी अहवालात घालणार. बोलवा तिला. मीच विचारतो गणित.”

मास्तर सखाकडे पाहू लागला. सखाने मागच्या रांगेकडे पाहिलं. सातांत पोरी दोन होत्या. त्यातल्या एकीला त्याने डोळ्यांनी खुणावलं. ती पोर जाग्यावरच आणखी खाली बसली.

“ऊठ की गं, चंद्री,” सखा म्हणाला.

“मी मंगळी,” ती म्हणाली.

“लाजतेय,” मास्तर म्हणाला.

साहेब उठून उभे राहिले. मुलांशी बोलायला त्यांना आवडत असे, आणि आवाज मोठा होता. “चंद्री! चंद्री वाघे! घाबरू नकोस बाळ, पुढे ये. चंद्री!”

तीनदा हाक मारली. खळ्यावरचं सूप थांबलं. विठा हातातलं सूप तसंच घेऊन चार पावलं आली आणि पडवीच्या पायरीखाली उभी राहिली. पायरी चढायची तिला सवय नव्हती. केसांत कोंडा, पदर कमरेला खोचलेला.

“कोन बोलवतं चंद्रीला?”

साहेबांनी वळून पाहिलं. “तू आई का तिची? कुठे आहे ती?”

“ती नाय आता, सायेब.” विठा म्हणाली. कोणी वाट विचारावी आणि सांगावी, तसं म्हणाली. “ती मेली. दोन पावसाळं झालं. सरावणात ताप आल्ता.”

झापामागे पारडू रवंथ करत होतं, ते पडवीत ऐकू आलं.

साहेबांच्या हातात गुणपत्रक होतं. चांगला माणूस होता बिचारा. काय बोलावं ते न सुचून जे समोर होतं तेच वाचून गेला. “पण... हिला तर गणितात दहापैकी आठ गुण आहेत.”

“चंद्रीला?”

“हो.”

विठाने थोडा विचार केला.

“आठ म्हंजी चांगलं का, सायेब?”

साहेबांनी गुणपत्रक मिटलं. “चांगलं,” ते म्हणाले. “फार चांगलं.”

विठाने मान हलवली, आणि मागे वळून खळ्यावर गेली. थोड्या वेळाने सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. वारा पडलेलाच होता, तरी ती पाखडत राहिली.

सखा खांबाला धरून उभा होता. त्याला वाटत होतं की आता यापेक्षा वाईट काही व्हायचं नाही. तेवढ्यात साहेबांची नजर आतल्या दारात गेली. तिथे उंबऱ्यावर सोनी उभी होती, कडेवर शेंबडा भाऊ, हातात म्हशीचं दावं.

“ही कितवीत आहे?”

“मी कुठली कितवीत,” सोनी हसली. “मी म्हशीमागं.”

“कोणाची मुलगी तू?”

सोनीने हनुवटीने दाखवलं. बत्तीस पोरांनी, मास्तरने आणि शिपायाने सखाकडे पाहिलं. साहेबांनी सर्वांत शेवटी पाहिलं, आणि मग रजिस्टरमध्ये भोईरांची नावं वरपासून खाली बोट फिरवून पाहिली. तिचं नाव नव्हतं. तिच्याच वयाचं एक नाव मात्र होतं, दोन पावसाळ्यांपूर्वी पुरलेलं.

त्यांनी लाल शाईने सात रेघा मारल्या. सात रेघांना फार वेळ लागत नाही, पण सखाला तो दिवसभराचा वाटला. पोरांना घरी पाठवून दिलं. मग बूट घालता घालता साहेब म्हणाले, “मास्तर, तुमची नोकरी जावी असं मी लिहू शकतो. लिहीत नाही, कारण तुमच्या जागी यायला कोणी तयार होणार नाही. महिनाअखेर मी परत येईन. तीस मुलं लागतील.” एका बुटाची नाडी बांधून झाल्यावर ते थांबले. “जिवंत.”

सांजवेळी मास्तर वांगणीच्या वाटेला लागला तेव्हा सखा बांधापर्यंत त्याच्याबरोबर गेला.  बांधावर थांबून मास्तर म्हणाला, “सखाभाऊ, पाच द्यायला हवे होते मी. आठ जास्त झाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाला वाटत होतं की भीमा आणि विठा येणार नाहीत. यायला नकोत, असंही वाटत होतं. दव सुकलं आणि दोघं आली. भीमाने पेंढी उचलली, विठाने सूप. सखा वाट बघत राहिला. भीमाने शिवी द्यावी, विठाने तळतळाट करावा, म्हणजे आपल्याला मान खाली घालून ऐकून घेता येईल, मग पेज वाढता येईल आणि प्रकरण मिटेल. पण “दादा, पेंढा कुठं रचू?” एवढंच भीमा म्हणाला. सखाने स्वतःच भारा उचलला. तो त्याच्या वयाला जड होता. पेंढ्याच्या उडवीपर्यंत नेताना कमरेत चमक भरली आणि तो तसाच वाकून उभा राहिला. भीमाने भारा काढून घेतला नि उडवीवर फेकला. मदत करायला गेलेल्याला मदत घेऊन परत यावं लागलं.

दुपारी तो काशीला म्हणाला, “आज त्यांची पेज ओटीवर दे.”

काशीने त्याच्याकडे पाहिलं. “त्यांना इचारलंत का, ओटीवर बसायचंय का म्हणून?”

“त्यात काय इचारायचं?”

“नायच इचारत तुमी कदी,” काशी म्हणाली, आणि पेजेचं भांडं घेऊन खळ्याकडे गेली.

ती परतल्यावर सखा तिच्यामागे चुलीपाशी जाऊन बसला. चुलीपाशी पुरुषाने बसायची रीत नव्हती, पण दुसरीकडे बसवेना.

“काशे, तुला ठाव होतं? चंद्रीचं?”

“ठाव नसायला काय झालं? मीच पेज नेऊन दिलती विठाला तवा. दोन दीस तिनं चूल पेटवली नव्हती.”

“मग मला बोललीस का नाय?”

“बोलले की. तुमी बोललाव, ऐन बेणणीत ही रडत बसली, आता रान कोन काढील.”

सखाला ते बोलणं आठवेना. विठावर ओरडलेलं मात्र आठवलं. ती तिसऱ्या दिवशी शेतावर आली होती, चिखलात गुडघाभर उभी, आणि त्याने बांधावरून हाळी घातली होती, ‘कुठं उलथली होतीस दोन दीस?’ ती म्हणाली होती, ‘घरी व्हते.’ मग वाकून तण काढू लागली होती. त्या वर्षी त्या खाचरात भात चांगलं आलं होतं. त्याने ते देवाला दाखवलं होतं.

त्याने राखेत बोटाने एक रेघ ओढली आणि तळव्याने पुसली.

गावाने आपल्या परीने बोलून घेतलंच. ओहळावर गोदूबाई धुणं आपटताना दुसऱ्या बायांना सांगत होती, “आता मेल्यावर पन शाळा सुटायची नाय बायांनो, चेअरमनची जबान हाय.” सदू तर रोज बांधावर येऊन उभा राही. “सखा, आमचा म्हातारा गेल्या शिमग्यात गेला. अंगठेबहाद्दर होता बिचारा. पहिलीत बसतो का बघ. दंगा नाय करणार.” सखा खाली मान घालून झोडत राही. 

सोमवारी त्याने सोनीला हाताला धरून पडवीत नेलं. घरातून पडवी म्हणजे पाच पावलं, पण मास्तरसमोर उभं राहीस्तोवर त्याला घाम फुटला.

“हिचं नाव घाला.”

“आणि म्हशीमागे?”

“मी हाय.”

म्हशीला हा बदल पसंत पडला नाही. पहिल्याच दिवशी तिने सखाला तीन खाचरं आणि एक कुंपण फिरवलं, आणि त्याची चप्पल चिखलात ठेवून घेतली. पडवीतून सोनी ते बघत होती. तिला पाटी कशी धरायची ते अजून कळलं नव्हतं, पण म्हैस कुठे जाणार ते बसल्या जागी कळत होतं. “बा, खालून अडवा, खालून!” ती ओरडली, आणि पहिल्याच दिवशी मास्तरने तिला अंगठे धरून उभं केलं.

पट झाला सव्वीस. मग सखा दारोदार फिरला. बनूबाईने आपली नात दिली, पण आधी त्याला अर्धा तास उन्हात उभा ठेवून चेअरमनच्या वंशाबद्दल जे काही ठाऊक होतं ते ऐकवलं. सदूने आपल्या गुराख्याला सकाळचा सोडायचं कबूल केलं. “जिवंत हाय, तपासून घे,” म्हणाला. अठ्ठावीस झाले. ठाकरवाडीत फिरून आला, तिथली पोरं रानात गेली होती. महिना संपायला चार दिवस राहिले होते, आणि गावात आता पाळण्यातलीच पोरं उरली होती.

दोन हवी होती. दोन कोणाकडे होती, ते सखाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शनिवारी झोडणी संपली. भीमाने ओंडका भिंतीला लावून ठेवला आणि अंग झटकत म्हणाला, “येतो, दादा. परवा भट्टीचा ट्रक यायचा. वाडी सगळी घाटावर चालली कोळशाला. आता शिमग्याला भेट.”

“पोरां?”

“पोरां पन. माती लिंपायला लागतात ना.”

रविवारी उन्हं कलताना सखा कातकरवाडीकडे निघाला. भीमाला कामाला बोलवायला तो गेली वीस वर्षं येत होता, पण बांधावरच्या आंब्यापर्यंतच. तिथून हाळी घातली की भीमा खाली येई. आंब्याच्या वर सखा कधी गेला नव्हता. आज आंब्यापाशी पाय थांबले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं, सदूही नव्हता. मग तो चढू लागला.

येताना सगळं भाषण त्याने मनात पाठ केलं होतं. झेंड्याखालचं भाषण मास्तरने पढवलं होतं. हे त्याचं स्वतःचं होतं. भीमाचं खोपट कोणतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. एका पोरीला विचारावं लागलं. ती मंगळी निघाली. त्याला पाहून ती आधी पळाली, मग लांबूनच बोट दाखवलं.

भीमा दाराशी बसून कोयत्याची मूठ बसवत होता. विठा अंगणात उकिडवी बसली होती. बुध्या आणि शुक्र्या बांबूच्या टोपलीत मडकी रचत होते, ते सखाला पाहून आत गेले. भीमा उठला, बसायला काय द्यावं म्हणून आत-बाहेर बघू लागला.

“राहू दे, भिमा. मी उभाच बरा.” सखाने डोक्यावरची टोपी काढली. टोपी तो एरवी फक्त झोपताना काढी. “मी बोलाया आलोय.”

भीमा उभा राहिला. विठाने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

“मी चुकलो,” सखा म्हणाला. पाठ केलेलं पुढचं सगळं त्याच क्षणी गेलं, आणि मग जसं येईल तसं येऊ लागलं. “तुमची पोर गेली, मला ठाव नव्हतं. ठाव नव्हतं ह्योच माजा गुन्हा. हाकंच्या अंतरावर ऱ्हातो मी. तुमच्या हातानं पिकलेलं खातो. तिचं नाव मी सांगितलं मास्तरला, पट भरायला. माज्या पोरीचं झाकून ठेवलं न् तुमच्या मेलेलीचं चव्हाट्यावर मांडलं. त्या दिवशी तू चिखलात आलीस, विठा, तवा मी ओरडलो तुला. त्ये बी आठवलं मला. मला झोप नाय. माजी लायकी नाय काय मागायची. पन मागतो. बुध्याला न् शुक्र्याला भट्टीवर नेऊ नका. माज्या घरी ठेवा. देऊबरोबर जेवतील, त्याच्या पंगतीला, त्याच्या शेजारी झोपतील. काशीनं सांगितलंय तसं. शाळा ऱ्हाईल, नाय ऱ्हाईल, त्ये जाऊ दे...” इथे त्याला खरं बोलावंसं वाटलं. “नाय, जाऊ नाय देता येत. मला शाळा पायजे. पन त्यांना शिकवीन. खोटी हजेरी नाय. भिमा, तू काय बोलतोस?”

भीमाने कोयता मांडीवर घासला. “मी काय बोलनार, दादा? पोरां तिची. तिला इचारा.”

सखाला कोणाला विचारायची सवय नव्हती. तो विठाकडे वळला, दोन पावलं पुढे झाला आणि हात जोडले. आयुष्यात तो हात जोडून उभा राहिला होता तो देवासमोर, मामलेदारासमोर आणि दिपोटीसमोर. इथे जोडताना हात जड झाले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

“विठा, तू सांग. शिवी दे. काय पन बोल. पन बोल.”

विठाची मान खालीच होती. तो आल्यापासून ती त्याच्या पायांकडे बघत होती. दुःखाने माणूस असं बघतो हे सखाला ठाऊक होतं, म्हणून तो थांबला. वाडीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. बुध्याने आतून डोकं बाहेर काढलं. विठाने तोंड उघडलं, मिटलं, भिडेने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. कापणी झालेल्या खाचरांतून वेचून आणलेली भाताची लोंबरं तिने अंगणभर वाळत घातली होती. मग हळूच, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने, ती म्हणाली,

“दादा, जरा बाजूला सरा. भातावर उभं रायलाव तुमी.”